राघोत्तमरावांचं सोवळं अर्थिंग

राघोत्तमरावांच्या घरी माझा पेला वेगळा आहे. पेला स्टीलचाच, त्यांच्या बाकीच्या पेल्यांसारखा, फक्त बुडाला लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. तो स्वयंपाकघरात नसतो. बाल्कनीत वॉशिंग मशीनवर, साबणाच्या पावडरीशेजारी उपडा घातलेला असतो. मी गेलो की सुनंदावहिनी तो चिमटीत धरून आणतात, माझ्यासमोर ठेवतात आणि हातभर उंचीवरून त्यात कॉफी ओततात. त्यांच्या भांड्याचा माझ्या पेल्याला स्पर्श व्हायला नको ना! पण इतक्या उंचीवरून पडल्यामुळे माझ्या कॉफीला जो फेस येतो, तो त्या घरात दुसऱ्या कुणाच्याच कॉफीला येत नाही. विटाळाचे असे फायदे असतात. म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

आम्ही पेरुंगुडीला समोरासमोरच्या दारांत राहतो. मी मूळचा म्हसवडकडचा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, तेवढ्यावर आयुष्य रेटलं. मुलगा मंदार इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे, म्हणून या वयात चेन्नईला येऊन पडलो. इथं मराठी बोलायला माणूस मिळेना. आमची बायको हेमलता म्हणाली, "भिंतीशी बोला, ती उठून तरी जाणार नाही." तेवढ्यात एक दिवस समोरच्या दारातून आवाज आला, "कोण तें? पादत्राणें तेथेंच ठेवावीं!" मला वाटलं, पेशवाईतला एखादा कारकून लिफ्टनं वर आला. बघतो तर दारात उंच, नाकेला, गंध लावलेला माणूस. ते राघोत्तमराव.

यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांमागं व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ तंजावरला गेले. जाताना जी मराठी बरोबर नेली, तीच हे अजून वापरतात. अधूनमधून तमिळची फोडणी. "आमां" म्हणजे हो, "इल्लै" म्हणजे नाही, आणि रागावले की नुसतंच तमिळ. ते मला कळत नाही, त्यामुळे आमचं कधी भांडण होत नाही.

माणूस प्रेमळ. फक्त लांबून प्रेमळ. लिफ्टचं बटण बोटानं दाबत नाहीत, किल्लीच्या टोकानं दाबतात. भाजीवाल्याकडून सुटे पैसे हातात घेत नाहीत, पिशवीत टाकायला लावतात. करोना आला तेव्हा सगळं जग घाबरलं आणि राघोत्तमराव मात्र असे प्रसन्न झाले की विचारू नका. हात धुवा, लांब उभे राहा, कुणाला शिवू नका. गॅलरीतून मला ओरडून म्हणाले, "अनंतरावा, आमच्या आजोबांनीं सांगितलेलें अवघ्या जगास आतां कळलें!" टाळेबंदी उठली तेव्हा त्या आनंदाला जरा उतरती कळा लागली.

आता त्यांच्या नोकरीचं सांगतो, कारण सगळी गंमत तिथंच आहे. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात ते विजेच्या विभागात सुपरवायझर होते. निवृत्त झाले आणि घरी बसले. घरी बसल्यावर कळलं की सोवळ्याचे नियम जरी त्यांच्या आजोबांचे असले तरी अंमल सुनंदावहिनींचा आहे. बाल्कनीत जाऊन आलात? अंघोळ. कुरिअरवाल्याला सही दिली? अंघोळ. पहिल्याच महिन्यात माणूस भिजून भिजून मऊ पडला. तेव्हा त्यांनी खटपट करून जवळच एका सर्व्हरच्या इमारतीत नोकरी मिळवली. टेबल, खुर्ची, काचेची केबिन आणि दारावर पाटी: अर्थिंग सल्लागार.

सर्व्हरची इमारत म्हणजे काय, तर लोकांचे फोटो, बँकांचे व्यवहार, दवाखान्यांचे अहवाल, असलं सगळं ज्या यंत्रांत साठवतात ती यंत्रं ठेवायची जागा. आमची नात अवनी म्हणते, "आजोबा, आमचं सगळं क्लाउडमध्ये असतं." ढगात कसलं, बाई? पेरुंगुडीत असतं. आणि ढग वरून त्याच्यावरच वीज पाडतो. मी एकदा आत जाऊन आलोय. बाहेर चेन्नईची काहिली आणि आत अशी थंडी की मला माझ्या बापाची घोंगडी आठवली. माणसांना पंखा मिळत नाही आणि पेट्यांना एवढा गारवा!

या पेट्यांना विजेचं मोठं भय. आणि अर्थिंग म्हणजे नको असलेली वीज जमिनीत घालवायची वाट. खड्डा खणायचा, तांब्याची पट्टी पुरायची, कोळसा-मीठ भरायचं, वर पाणी घालत राहायचं. हे काम राघोत्तमरावांकडे आलं आणि त्यांनी त्या इमारतीला सोवळं शिकवलं.

गच्चीवर वीज झेलायची सळई असते. तमिळमध्ये तिला इडितांगी म्हणतात. तिचा खड्डा त्यांनी फाटकाजवळ, जिथं ड्रायव्हर लोक बिड्या ओढतात तिथं ठेवला. जनरेटरचा खड्डा मागं. आणि सर्व्हरच्या यंत्रांचा खड्डा ईशान्य कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, भोवती कुंपण, शेजारी तुळस. त्याला नाव दिलं शुद्ध अर्थ. तिथं चपला काढून जायचं. माळ्यानं त्याला हात लावायचा नाही. रोज सकाळी राघोत्तमराव स्वतः जाऊन पाणी घालायचे आणि तेही नळाचं नाही, पिण्याच्या यंत्रातून गाळलेलं.

मी विचारलं, "राघोत्तमराव, तिन्ही खड्डे शेवटी एकाच जमिनीत ना? मग जोडून का टाकत नाही?"

ते दचकले. जणू मी त्यांच्या जेवणाच्या पानात पाय घातला.

"अय्यो! जोडायचे? ती इडितांगीची वीज आभाळांतून येती. कोठें कोठें फिरून येती, कोणास ठाऊक! जनरेटरची तेलकट, धुराची. आणि ह्या यंत्रांची वीज कशी, नाजूक! तिचें आणि त्या आभाळांतलीचें एकाच खड्ड्यांत? इल्लै, इल्लै. आमच्यांत मडी म्हणून एक गोष्ट आहे."

मडी म्हणजे सोवळं. मी म्हटलं, असेल बाबा. मला काय, माझा पेला बाल्कनीत.

मे महिन्यात एका दुपारी वळीव आला आणि त्या इमारतीवर वीज पडली. सळईनं ती नीट झेलली, भिंतीला तडा नाही, माणसाला ओरखडा नाही. पण आत सर्व्हरच्या यंत्रांची कार्डं भाजून निघाली. मॅनेजर कृष्णस्वामी डोकं धरून बसले. राघोत्तमरावांनी चौकशी केली. चौकशी म्हणजे काय, तर कुंपणाच्या आत चपलेचा ठसा दिसतो का ते बघितलं. सापडला. कुणाचा का असेना, सापडला! निकाल लागला: शुद्ध अर्थाला विटाळ झाला. उपाय काय? तो खड्डा आणखी लांब न्यायचा. सर्व्हरच्या पेट्यांपासून पट्टी आवाराच्या पार टोकाला नेली, नवीन खड्डा, नवीन कुंपण, नवी तुळस.

हे ऐकून मला आमच्या गावचा न्हावी आठवला. तो पायाळू होता. पायाळू माणसावर वीज पडते अशी आमच्याकडे पक्की समजूत. एकदा बाजाराच्या दिवशी ढग गडगडायला लागले, तशी लोकांनी देवळात आसरा घेतला आणि न्हाव्याला बाहेर काढलं. "तू लांब बस, आम्हाला घेऊन मरशील." तो बिचारा लांब एका बैलगाडीखाली जाऊन बसला. वीज पडली ती देवळाच्या कळसावर. आतल्यांच्या कानठळ्या बसल्या, पाटलाचा पटका जळाला, आणि न्हावी गाडीखाली हजामतीची पेटी उशाला घेऊन झोपलेला. पुढं कित्येक महिने पाटलाची दाढी करताना तो गाणं म्हणायचा. ही गोष्ट मी राघोत्तमरावांना सांगितली. ते म्हणाले, "तो न्हावी भाग्यवान होता." पाटलाचं त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही.

परतीच्या पावसाच्या तोंडावर पुन्हा वीज पडली. खड्डा लांब नेला होता, तर नुकसान दुप्पट. या वेळी कार्डांबरोबर नेटवर्कच्या पेट्या गेल्या, कॅमेरे गेले, गच्चीवरच्या गारवा करणाऱ्या यंत्रांचे मेंदू गेले. एका दवाखान्याचे अहवाल दिवसभर कुणाला उघडता येईनात. कृष्णस्वामी राघोत्तमरावांच्या केबिनमध्ये आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, आणखी एकदा जर वीज पडून आमचं एक यंत्र गेलं, तर तुम्ही घरी बसायचं."

घरी! राघोत्तमरावांच्या डोळ्यांपुढं बाल्कनी, बादली आणि सुनंदावहिनी उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा असा झाला होता की मी माझी कॉफी फुंकलीसुद्धा नाही.

कृष्णस्वामींनी आणखी एक केलं. गिंडीच्या एका लहान कारखान्याला फोन केला. विजेची लाट तारेतून आत शिरू नये म्हणून दारावर अडवणाऱ्या पेट्या तिथं बनवतात. तपासणीला माणूस पाठवा म्हणाले. माणूस आला ती राघोत्तमरावांची सून.

क्षमा सोलापूरची, इंजिनियर. राघोत्तमरावांचा मुलगा वेंकट तिला गिंडीतच भेटला. वेंकट मराठी बोलतो ते आपण गणिताचा पेपर लिहितो तसं, खोडत खोडत. क्षमा मात्र सोलापुरी, जे बोलायचं ते एका घावात. तिच्या माहेरी सोवळं म्हणजे फडताळातला एक पिवळा पीतांबर, तोही कसरीनं खाल्लेला. इथं आल्यावर तिला कळलं की बाहेरून आलेल्या बाईनं अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. ती यायची संध्याकाळी, अंघोळ होईतो स्वयंपाक झालेला. म्हणजे लग्न झाल्यापासून ती स्वयंपाकघराच्या बाहेरच. सुनंदावहिनी तिची कॉफी उंबऱ्याशी जमिनीवर ठेवून हात मागं घ्यायच्या, मग ती उचलायची. जत्रेत जादूगार कबुतर सोडतो तसं. माझ्यात आणि तिच्यात फरक एवढाच, की तिच्या पेल्याला ठिपका नव्हता.

तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. अशी संधी सोडायची नसते. क्षमा हेल्मेट घालून आवारभर फिरली, गच्चीवर गेली, शुद्ध अर्थाच्या कुंपणापाशी आली आणि चपला न काढता आत शिरली. राघोत्तमरावांनी डोळे मिटले.

"मामंजी, हा खड्डा इडितांगीच्या खड्ड्याला का जोडला नाही?"

"शुद्ध राहावा म्हणून."

"म्हणूनच यंत्रं जळतात."

"काय?"

"वीज सळईतून खाली उतरते, तेव्हा त्या खड्ड्याभोवतीची जमीन क्षणभर हजारो व्होल्टनं वर उचलली जाते. गच्चीवरचे कॅमेरे, गारव्याची यंत्रं त्या सळईच्या जमिनीवर उभी आहेत. त्यांच्या तारा खाली सर्व्हरमध्ये येतात, आणि सर्व्हर उभे तुमच्या लांबच्या जमिनीवर. एक बाजू उचलली, दुसरी जागच्या जागी. मधली तार आणि मधलं कार्ड, त्यांच्यातून सगळा लोंढा."

राघोत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"असं समजा," क्षमा म्हणाली, "लाट आली आणि सगळे एकाच नावेत असले, तर सगळे एकदम वर जातात, एकदम खाली येतात, कुणाला काही होत नाही. एक पाय नावेत आणि एक धक्क्यावर ठेवला तर माणूस फाटतो. तुम्ही या पेट्यांना धक्क्यावर पाय ठेवायला लावलाय. आणि दुसऱ्या वेळी तर धक्का आणखी लांब नेलात."

"मग काय करावें म्हणतेस?"

"तिन्ही खड्डे जोडायचे. इमारतीला तांब्याच्या पट्टीचा करदोटा घालायचा, आणि लोखंड, पाइप, पेटी, कुंपण, सगळं त्याला बांधायचं. तारा जिथं आत येतात तिथं आमच्या पेट्या बसवायच्या. आणि हे गाळलेलं पाणी बंद. पाणी जितकं शुद्ध तितकी वीज अडते. नळाचं घाला."

"इडितांगीस आणि शुद्ध अर्थास एक करायचें!" राघोत्तमराव तमिळमध्ये गेले. बराच वेळ परत आले नाहीत.

कृष्णस्वामींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, मॅडम सांगतात ते करा. नाही केलंत आणि यंत्र गेलं, तर तुम्हाला ठाऊक आहे." एवढं बोलून ते गारव्यात निघून गेले.

घरी दोन दिवस सासरे-सुनेचं वाक्‌युद्ध चाललं. राघोत्तमराव झोपाळ्यावर, क्षमा दाराशी, सुनंदावहिनी उंबऱ्याच्या आत, आणि मी फेस पीत मध्ये.

"शास्त्र म्हणून कांहीं आहे कीं नाहीं?" राघोत्तमराव म्हणायचे.

"आहे ना. मी चार वर्षं तेच शिकले," क्षमा म्हणायची.

"अवघें एकत्र केलें तर शुद्ध कोण राहिलें?"

"कुणीच नाही. म्हणून तर सगळे वाचतात."

यावर ते अंघोळीला गेले.

बाहेर ढग जमायला लागले होते. हवामान खात्यानं गडगडाटाचा इशारा दिला. राघोत्तमराव गॅलरीत येऊन आभाळ बघायचे आणि आत जाऊन पाय धुवायचे. धर्म सोडावा तर आजोबा रागावणार, खुर्ची सोडावी तर बादली वाट बघतेय. शेवटी त्यांनी तंजावरच्या आपल्या म्हाताऱ्या पुरोहितांना फोन लावला. मी शेजारीच होतो.

"स्वामी, तांब्यास विटाळ लागतो काय?" पलीकडून बराच वेळ कुजबुज. राघोत्तमरावांचा चेहरा उजळत गेला. "आमां... आमां... चिंचेनें? बरें, बरें!" फोन ठेवून त्यांनी मांडीवर थाप मारली. "अनंतरावा, सोय आहे! तांब्यास दोष लागला तरी चिंचेनें घासल्यावर जातो. मातीच्या भांड्यासारखें तें नव्हे. म्हणजे पट्टी चिंचेनें घासली, कीं तिच्यांतून कांहीं पलीकडे जात नाहीं!"

विजेचे व्होल्ट जाणार आणि विटाळ तेवढा पट्टीच्या अलीकडेच अडणार! मला हसू आवरेना, पण मी कॉफीच्या फेसात तोंड घातलं. माणूस स्वतःहून खड्ड्यातून वर येत असताना दोराला हसायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती इमारत बघण्यासारखी झाली होती. हेल्मेट घातलेले कामगार ओळीनं बसून चिंचेच्या कोळानं तांब्याची पट्टी घासतायत. घरात समई घासावी तशी. सगळीकडे आंबट वास. काचेच्या भिंतींमागून संगणकवाली पोरं मोबाइलवर फोटो काढतायत. कृष्णस्वामी खाली आले, बघितलं, तोंड उघडलं, आणि परत वर गेले. राघोत्तमराव पीतांबर नेसून देखरेख करत होते. क्षमा आली. मला वाटलं आता ही भडकणार. तिनं पट्टीच्या टोकावरून बोट फिरवलं, लखलखत होतं.

"मामंजी, हे उत्तम झालं. जुनी पट्टी हिरवी पडली होती, सांधे नीट बसले नसते. आता पाण्यानं खळखळून धुऊन घ्या, आंबट राहू देऊ नका."

"बघितलेंस?" राघोत्तमराव माझ्याकडे वळून म्हणाले, "शास्त्र शेवटीं एकच!"

खड्डे जोडले, करदोटा बांधला, पेट्या बसल्या. पण राघोत्तमराव म्हणजे राघोत्तमराव. सगळं जोडलं आणि एक गोष्ट गुपचूप बाजूला ठेवली: स्वतःची केबिन. म्हणाले, "इतरांचें इतरांस. माझें टेबल तरी मडींत असूं दे." केबिनच्या मागं कुंडीएवढा खड्डा खणून आपल्या टेबलाच्या संगणकाला तेवढाच स्वतंत्र अर्थ दिला. नेटवर्कची तार मात्र त्या संगणकात इमारतीतल्या सर्व्हरकडूनच येत होती. क्षमाला कळू दिलं नाही. मला सांगितलं, कारण मला सांगितलं काय नि भिंतीला सांगितलं काय, असं त्यांना वाटतं. भिंत अशा गोष्टी लिहून ठेवत नाही, हा फरक त्यांच्या लक्षात आला नाही.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, पुन्हा वीज पडली. मी त्या वेळी राघोत्तमरावांच्या केबिनमध्येच होतो. डबा द्यायला गेलो होतो, म्हणजे डबा सुनंदावहिनींचा आणि पिशवी माझी, आतला डबा मी शिवायचा नाही. आभाळ काळं झालं, आणि मग असा कडाका झाला की माझ्या तोंडातली कवळी हलली. दिवे गेले, आले. राघोत्तमरावांनी देवाचं नाव घेत खुर्चीचे हात घट्ट धरले. खुर्ची सोडायची नाही, असंच त्यांच्या मनात असावं.

मग टेबलावरच्या संगणकातून फट्‌ असा आवाज आला आणि पडद्यामागून निळसर धूर निघाला.

कृष्णस्वामी धावत सर्व्हरच्या खोलीत गेले. आम्ही मागून. पेट्या सगळ्या आपल्या हिरव्या दिव्यांनी लुकलुकत होत्या. वर माणसं पाठवली: कॅमेरे चालू, गारव्याची यंत्रं चालू. एका यंत्राला धक्का नाही. कृष्णस्वामींनी कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यांदाच हसले.

"राघोत्तम सर, सगळं वाचलं!"

"आमां," राघोत्तमराव म्हणाले. चेहऱ्यावर आनंद आणि नाकात जळका वास.

"हा वास कसला?"

सगळे केबिनमध्ये आले. क्षमाही पोचली होती. तिनं जळका संगणक पाहिला, मागची कुंडी पाहिली, कुंडीत गेलेली एकटी पट्टी पाहिली. साऱ्या इमारतीत जो एकटा सोवळ्यात होता तेवढाच भाजून निघाला होता.

कृष्णस्वामींचा शब्द होता, एक यंत्र गेलं तरी घरी. राघोत्तमरावांना तेच आठवलं असणार. ते जळक्या संगणकाकडे न बघता खुर्चीकडे बघत होते.

कृष्णस्वामींनी क्षमाला विचारलं, "मॅडम, हे आमच्या यंत्रांत धरायचं का?"

क्षमानं सासऱ्याकडे पाहिलं. सोलापूरची मुलगी, हातात असा मोका, आणि लग्नापासूनच्या उंबऱ्यावरच्या सगळ्या कॉफ्या डोळ्यांपुढं आल्या असतील. तिनं आधी जळक्या संगणकाचा प्लग काढला. तेवढ्यात राघोत्तमराव मनातल्या मनात किती अंघोळी करून आले असतील, देव जाणे.

"नका धरू," ती म्हणाली. "हा नमुना म्हणून इथंच राहू दे. नवीन लोकांना दाखवायला. लांब ठेवलं की काय होतं, ते यापेक्षा चांगलं कसं समजावणार?"

कृष्णस्वामी इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "राहा सर, राहा. पण दर पावसाळ्याआधी मॅडम येऊन बघतील, आणि ती कुंडी आजच काढा."

म्हणजे खुर्ची वाचली. टेबलावर जळका संगणक प्रदर्शनाला, आणि त्याच्यामागं राघोत्तमराव, सल्लागार. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आता स्वतःच समजावतात, "हें पाहा, अवघें जोडावें लागतें. मी प्रथमपासून सांगत होतों." मी ऐकलंय हे माझ्या कानांनी.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. मी त्यांच्या घरी गेलो, खुर्ची वाचल्याची कॉफी घ्यायला. राघोत्तमराव अंघोळ करून झोपाळ्यावर, पुरोहितांची आणि चिंचेची थोरवी सांगतायत. क्षमा आली, थेट ऑफिसातून. चपला काढल्या, पिशवीतून उरलेल्या तांब्याच्या पट्टीचा हातभर तुकडा काढला. चिंचेनं घासलेला, चकाकता. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवा ठेवला.

"हें काय?" राघोत्तमराव झोपाळ्यावरच थांबले.

"सोय, मामंजी. चिंचेनं घासलंय. यातून काही पलीकडे जात नाही." आणि तिनं पाय उचलून उंबरा ओलांडला.

झोपाळ्याची कडी वाजली नाही. राघोत्तमरावांनी बायकोकडे पाहिलं. सुनंदावहिनी चमचा हातात घेऊन उभ्या. मला वाटलं आता बादली. त्या सावकाश म्हणाल्या, "त्या थंड खोलींतल्या यंत्रांस चालतें, मग माझ्या साराला कां चालूं नये? ये गे, आंत ये. ती फोडणी दे, माझा हात दुखतो." इतकी वर्षं त्यांचा हात दुखत होता आणि आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

आतून भांड्यांचा आवाज आला, दोघींच्या हसण्याचा आला, साराचा वास आला. मग क्षमा ताट घेऊन बाहेर आली. ताटात सगळे पेले, एकसारखे, एकाच ओळीत, कॉफीनं भरलेले.

मी बाल्कनीकडे पाहिलं. वॉशिंग मशीनवर साबणाची पावडर एकटीच होती.

राघोत्तमरावांनी ताटातला एक पेला उचलला, डोक्यावर धरून बूड बघितलं. ठिपका नाही. दुसरा उचलला. ठिपका नाही. तिसराही पाहिला.

"अनंतरावाचा कोणता?"

"काय माहीत," क्षमा म्हणाली. "नेलपॉलिश पुसायचं पाणी माझ्याकडे असतं. सगळे एकत्र घासून टाकले."

त्यांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मी आशेनं पाहत होतो, माणूस आता अंघोळीला जातो की काय. पण दुपारचा तो निळा धूर बहुतेक अजून त्यांच्या नाकात होता. त्यांनी डोळे मिटले आणि एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग म्हणाले, "साखर कमी आहे," आणि झोपाळा पुन्हा हलायला लागला.

तेव्हापासून मला त्या घरी कुठल्याही पेल्यात कॉफी मिळते. फक्त ती आता आतूनच भरून येते, त्यामुळे पहिल्यासारखा फेस काही येत नाही. एवढं एक नुकसान सोडलं, तर सगळं ठीक चाललंय.